डाव्या खिडकीबाहेरचा हात

"ह्या गाडीला लाईट न्हाई लागत, बांगड्या लागतात."

भालकीच्या बाहेर, गावातला रस्ता जिथे बिदरकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथल्या चहाच्या टपरीसमोर बसलेला एक माणूस शेजारच्याला म्हणाला. आमची गाडी टपरीच्या अगदी जवळून डावीकडे वळत होती. मी मागच्या सीटवर होते आणि काच खाली होती. पुढच्या डाव्या खिडकीतून माझ्या आईचा हात कोपरापर्यंत बाहेर आला होता, तळवा खाली-वर हलत होता आणि हिरव्या बांगड्या वाजत होत्या.

"अप्पांची गाडी व्हय?" दुसरा म्हणाला. "मग बरोबर हाय. हात दिसला की आपण ब्रेक मारायचा."

दोघं हसले. टपरी मागे पडली. आईला ते ऐकू गेलं असावं, कारण तिनं हात आत घेतला, बांगड्या मनगटावरून मागे सारल्या आणि पदर नीट केला. गाडी चालवणाऱ्या माझ्या वडिलांनी ऐकलं की नाही ते कळलं नाही. गावात त्यांना सगळेच अप्पा म्हणतात. मीही तेच म्हणते. आईला मी अव्वा म्हणते. पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं आमचं दुकान आहे, त्यामुळे आमची गाडी तालुक्यात बऱ्याच लोकांना ओळखू येते. पण ती नंबरावरून ओळखू येत नाही, अव्वाच्या हातावरून येते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

दुकान टाकण्याआधी अप्पा भालकी-उदगीर जीप चालवायचे. त्या जीपला पुढे-मागे पिवळे दिवे होते, पण ते लागलेले कुणी पाहिलेले नव्हते. डाव्या दाराशी जो बसेल त्यानं हात द्यायचा, असा त्या रस्त्यावरच्या सगळ्या जीपांचा रिवाज होता. हात देणं म्हणजे आधी मागे वळून बघायचं, मोकळं असेल तर "जावा" म्हणायचं आणि मग हात बाहेर काढून तळव्यानं मागच्याला दाबत राहायचं. अप्पा त्या जागेवर कुणालाही बसवत नसत. झोपाळू माणूस नको, प्यालेला नको, सारखा बोलणारा तर नकोच. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघालेल्या अव्वाला त्यांनी तिथे बसवलं आणि ती डावखुरी निघाली. त्यावर त्यांच्या मित्रानं केलेला विनोद आमच्याकडे अजूनही पाहुण्यांना सांगितला जातो. डावखुरी बायको केली, गाडीला जन्माचा सिग्नल मिळाला.

जीप गेली. दुकान झालं. मग बऱ्याच वर्षांनी ही पांढरी कार आली. तिला सगळं आहे. एसी आहे, गाणी आहेत, मागे घेताना वाजणारी शिट्टी आहे. पण रिवाज तोच राहिला. उन्हाळ्यात एसी लावून निघायचं, आणि दर वळणाला, दर लेन बदलताना अव्वानं बटण दाबून काच खाली करायची, हात बाहेर काढायचा, आत घ्यायचा, काच वर करायची. गाडी कधी थंड होत नसे. उजवीकडे जायचं असेल तर अप्पा स्वतःचा हात जरासा बाहेर काढायचे, माशी हाकलल्यासारखा. डावा आरसा ते मिटूनच ठेवायचे, कारण दुकानाच्या बोळात तो भिंतीला घासतो. डाव्या बाजूचं सगळं बघणं अव्वाकडे होतं.

एकदा पाऊस भुरभुरला तेव्हा वायपर लावायला जाऊन त्यांच्याकडून इंडिकेटर लागला. तो तसाच टिकटिकत राहिला. आवाज कुठून येतोय ते आम्हाला कुणालाच चटकन कळलं नाही. एका ठिकाणी मागून आलेल्या ट्रॅक्टरवाल्यानं बाजूला येऊन सांगितलं, "ओ अप्पा, वळायचं असल तर वळा की, कवापासून वाट बघायलोय." अप्पांचा चेहरा उतरला. त्यानंतर त्यांनी त्या दांडीला हात लावलेला मी पाहिला नाही.

आमच्याकडे अप्पाच एकटे असे नाहीत. रस्ता चौपदरी झाला तेव्हा लोकांना वाटलं, आता प्रत्येकाला स्वतःची जागा मिळाली, आता कुणाला काही सांगायची गरज नाही. बसमधून शाळेत जाता-येता मी खिडकीशी बसून हे बघत असते. बिदरच्या एका शाळेत मी लहान मुलांना इंग्रजी शिकवते. रस्त्यावरून पांढऱ्या गाड्या डावीकडून उजवीकडे जातात आणि परत येतात, जशी कुणी झोपेत कूस बदलावी. मोटारसायकलवाले वळायच्या बाजूचा पाय थोडा खाली सोडतात. मागे बसलेली बाई असेल तर ती पदर धरलेल्या हाताचीच दोन बोटं बाहेर काढते. उसाच्या ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या असतात आणि त्यांच्या मागे काहीच नसतं, दिवा नाही की माणूस नाही, फक्त लोंबणारी वाढं, उसाचे हिरवे शेंडे. ट्रॅक्टर वळला हे ऊस वळल्यावर कळतं.

सिग्नल का देत नाहीत, याची दोन उत्तरं मी ऐकली आहेत. पहिलं असं की दिवा दिला की मागचा हुशार होतो आणि आपण वळायच्या आत घुसतो. दुसरं उत्तर मला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मिळालं. तिथे शिकवणारे अण्णा शेजारी बसून मिशा चोळत असत. मी प्रत्येक वेळी सिग्नल द्यायचे. पुस्तकात तसं होतं आणि पुस्तक मी पाठ केलं होतं. चौथ्या-पाचव्यांदा ते म्हणाले, "मॅडम, टेस्टपुरतं ठेवा ते. रोज दिलाव तर लोक म्हणतील नवशिकी हाय." मी मान हलवली. लायसन्स मिळालं. गावातल्या गावात गाडी चालवायला अप्पांनी परवानगी दिली, "हायवेला न्हाई" असं सांगून.

मी फारशी बोलत नाही. घरात मराठी, दुकानात कानडी, शाळेत इंग्रजी, असं तिन्हीकडे राहून मी तिन्ही भाषांत गप्प बसायला शिकले. वर्गात आवाज चढवता येतो, कारण तिथे सगळे माझ्या कमरेएवढे असतात. घरी विचारल्याशिवाय बोलायची मला सवय नाही, आणि आमच्याकडे मुलींना फारसं विचारत नाहीत.

अव्वाचंही घरात तसंच. दुकानाची, जागेची, सोयरिकीची बोलणी बाहेरच्या खोलीत होतात आणि ती आतून ऐकते. पण गाडीत ती वेगळी असायची. "थांबा." "बाईक हाय." "येऊ द्या त्याला." "हं, जावा." अप्पा निमूट ऐकायचे. तिनं "थांबा" म्हटलं की ते थांबायचे, मागून कितीही हॉर्न वाजोत. का म्हणून विचारायचे नाहीत. मागच्या सीटवरून मला दोघांची फक्त डोकी दिसायची, आणि अव्वाचं डोकं त्या वेळी ताठ असायचं. हे माझ्या लक्षात आलं होतं, म्हणूनच त्या हाताविषयी मी कधी बोलले नाही. पण तो हात बाहेर गेला की मी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरायचे. जीपच्या वेळी रस्ता अरुंद होता आणि सगळेच हळू जायचे. आता आमच्या डावीकडूनही लोक जोरात पुढे निघून जात होते.

झालं ते एका रविवारी, बिदरजवळ. आम्ही एका वास्तुशांतीला निघालो होतो. उजव्या लेनमधून डावीकडे येऊन सर्व्हिस रोडला उतरायचं होतं. अव्वानं मागे पाहिलं, "जावा" म्हणाली आणि हात बाहेर काढला. त्याच वेळी दुधाच्या कॅना लावलेली एक मोटारसायकल सर्व्हिस रोडवरून वर चढली आणि आमच्या डावीकडून निघाली. तिच्या आरशाचा दांडा अव्वाच्या मनगटावर बसला. आवाज मोठा झाला नाही. बांगड्या फुटल्या त्याचाच काय तो झाला.

अप्पांनी गाडी कडेला घेतली. मोटारसायकलवालाही पुढे जाऊन थांबला आणि चालत परत आला. पन्नाशीचा, टोपी घातलेला माणूस होता. आधी तोच बोलला. "अक्का, हात कामून काढलाव बाहेर?"

"वळायलो न्हाई का आम्ही," अप्पा म्हणाले. "हात दिसला न्हाई का तुला?"

"दिसला की."

"मग?"

"मला वाटलं अक्का हवा घ्यायल्यात."

अव्वा उजव्या हातानं डावं मनगट धरून बसली होती, तोंड पांढरं पडलेलं. ती म्हणाली, "जाऊ द्या त्यांला. माझंच ध्यान न्हवतं." त्या माणसानं स्वतःच्या पंच्याचं एक टोक फाडून तिच्या मनगटाला बांधलं, आणि दवाखाना कुठे आहे ते सांगत आमच्यापुढे गाडी चालवत तिथपर्यंत आला. जाताना त्याच्या गाडीचा मागचा दिवा फुटलेला मला दिसला. तो जुना फुटलेला होता.

मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घालायच्या आधी नर्सनं उरलेल्या दोन बांगड्या कापून काढल्या आणि अव्वानं तेवढ्या वेळापुरतं तोंड भिंतीकडे केलं. डॉक्टरांनी सांगितलं की हाड जुळेल, पण पुन्हा धक्का बसला तर वाकडं जुळेल आणि मूठ नीट मिटणार नाही. अव्वा भाकरी डाव्या हातानं थापते. कपडे डाव्या हातानं पिळते. सगळं डाव्या हातानं. तिनं डॉक्टरांना एकच विचारलं, पीठ मळता येईल का. ते म्हणाले, जपलं तर येईल.

मग बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. भाकरीचं माझ्याकडे आलं, चहाचंही आलं. मी कप घेऊन आत-बाहेर करत होते आणि ऐकत होते. कुणी म्हणालं, दुधवाले सगळे असेच. कुणी म्हणालं, रस्ताच चुकीचा केलाय, सर्व्हिस रोड असा वर चढवतात का. एक म्हातारे मामा म्हणाले, अमावस्या लागली होती, निघायलाच नको होतं. अप्पांचे जीपवाले मित्र आले. ते म्हणाले, "वहिनी, हात काढला की लगेच आत घ्यायचा असतोय. तुम्ही जरा येळ ठेवलाव." अव्वा म्हणाली, "व्हय, चुकलंच माझं. वय झालं आता." ती हे हसून म्हणाली. अप्पा खाली बघत बशीतला चहा पीत होते.

वळायच्या दिव्याचं नाव कुणी काढलं नाही. इतक्या लोकांत एकालाही तो शब्द आठवला नाही, याचं मला आधी नवल वाटलं आणि नंतर वाटेनासं झालं. घरात एखादी खोली वर्षानुवर्षं बंद असली की येणारे-जाणारे तिच्यासमोरून तसेच जातात. मी दर वेळी ट्रे ठेवताना ठरवायचे की आता म्हणावं. वाक्य तयार असायचं. ते आधी इंग्रजीत यायचं, मग मी त्याचं घरातल्या बोलीत रूपांतर करायचे, तोवर बोलणं दुसऱ्या विषयावर गेलेलं असायचं.

शेवटी माझी आत्या, अप्पांची थोरली बहीण, उदगीरहून आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "आता पोरीला बसवा म्होरं. तरणा हात हाय, चटचट आत-बाहेर हुईल." सगळ्यांना ते पटलं. अप्पांनाही पटलेलं दिसलं. अव्वा माझ्याकडे बघून म्हणाली, "तिला जमतंय का बघा बाई. ती लाजती."

प्लास्टर काढायचं की ठेवायचं हे ठरवण्यासाठी पुन्हा एक्स-रे काढायचा होता, म्हणून आम्ही परत बिदरला निघालो. मी पुढे डाव्या सीटवर बसले. अव्वा माझ्या मागे. तिचा प्लास्टरचा हात ओढणीच्या झोळीत होता. ती ओढणी माझी होती, अबोली रंगाची. मी बसल्याबरोबर मिटलेला डावा आरसा उघडला. अप्पांनी ते पाहिलं आणि गाडी सुरू केली.

गावातून बाहेर पडताना काही अडचण आली नाही, रस्ता मोकळा होता. मोठ्या रस्त्यावर अप्पांनी आपली नेहमीची उजवी लेन धरली. अव्वा मागून म्हणाली, "नुसतं बघून चालत न्हाई, सांगावं लागतंय त्यांला. 'जावा' म्हणावं लागतंय."

"म्हणते," मी म्हणाले.

"आन् हात काढायला भेऊ नको."

मी काच खाली केली. गरम वारा आत आला. पुढे एका ठिकाणी डावीकडे येऊन रसवंतीशी थांबायचं अप्पांच्या मनात होतं. अव्वाला उसाचा रस आवडतो. त्यांनी वेग कमी केला आणि विचारलं, "जाऊ का?" मी आरशात पाहिलं. मागे काहीच नव्हतं. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही आणि हातही खिडकीच्या कडेवर तसाच राहिला. रसवंती गेली.

"मोकळं व्हतं का?" अप्पांनी विचारलं.

"हं."

"मग सांगावं न्हाई का, लेका."

ते चिडले नव्हते. अव्वा मागून म्हणाली, "जाऊ द्या. येताना पिऊ." मला मात्र एक गोष्ट दिसली होती. माझा शब्द आला नाही म्हणून अप्पा वळले नव्हते. रस्ता पूर्ण मोकळा असूनही वळले नव्हते. इतकी वर्षं ते डावीकडे स्वतः बघतच नव्हते. आणि मागून येणाऱ्यांना कुणी काही सांगत असेल तर तो फक्त एक हात होता.

बिदर जवळ आलं. परत तोच उतार, तोच सर्व्हिस रोड. आता मात्र मागे गर्दी होती. आरशात एक सरकारी बस जवळ येताना दिसत होती, तिच्या पुढे दोन मोटारसायकली. अप्पा वेग कमी करू लागले. स्टिअरिंगवर त्यांचे दोन्ही हात होते. इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला, त्यांच्या बोटांपासून इंचावर होती. माझ्या जागेवरून तिथे हात पोहोचत नाही.

"बघ गं," ते म्हणाले. "जाऊ का?"

मी बघत होते. बस हॉर्न वाजवत होती. आपला हात इतक्या लोकांसमोर बाहेर काढायचा आणि हलवायचा हे मला जमणार नाही, हे मला तेव्हा अगदी शांतपणे कळलं. आणि जमलं तरी ते करायचं नाही, हेही कळलं. मी खिडकीच्या कडेवरचा हात मांडीवर घेतला. मागच्या सीटवर बटण दाबल्याचा आवाज आला. काच खाली सरकली. मग आरशात, बसच्या तोंडासमोर, काहीतरी पांढरं आलं. कोपरापर्यंत प्लास्टर, त्याच्या टोकाला सुजलेली चार बोटं, आणि ती बोटं मागच्यांना दाबल्यासारखी खाली-वर होत होती. अबोली ओढणीचं एक टोक वाऱ्यावर फडफडत होतं.

"जावा," अव्वा म्हणाली. आवाज तिचा नेहमीचा, गाडीतला होता.

अप्पांचे हात वळायला लागले. डावीकडची पहिली मोटारसायकल आरशातून निघून माझ्या खिडकीशी येत होती. मी तोंड उघडलं तेव्हा आवाज वर्गातला निघाला. अप्पा दचकले आणि त्यांनी स्टिअरिंग धरून ठेवलं.

"वळू नका अप्पा. अव्वा, तू हात आत घे. ती दांडी वर करा अप्पा, तुमच्या उजव्या हाताशी हाय. मागचं मी बघायलेय."